मधोमध उभा केलेला काटा

मी काटा बोलतोय. घड्याळातला नव्हे, गाडीतला. स्टिअरिंगमागच्या काचेत इंजिनाचा ताप दाखवणारा, बोटाच्या पेराएवढा. इंजिन थंड असलं की खाली पडून राहायचं, गरम होऊन चालायला लागलं की मध्यावर यायचं, फार तापलं की लाल रेघेकडे चढायचं. एवढंच मला येतं. खोटं बोलणं माझ्या घडणीत नव्हतं. ते मला माणसांनी शिकवलं.

गाडी ताईंची. अकरा वर्षं त्याच चालवायच्या. "आलास का रे बाबा मधे?" असं मला विचारल्याशिवाय त्या सकाळी फाटकाबाहेर पडत नसत. मग त्यांच्या किडन्या गेल्या. गाडी धाकट्या भावाच्या हातात आली आणि ताई मागच्या सीटवर गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि हॉस्पिटल टेकडीपलीकडे.

एका सोमवारी चढावर मी लाल रेघेला टेकलो. भावाने गाडी थांबवली आणि ती खेप चुकली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "बुधवार चुकवू नका. त्यांच्या अंगात पाणी साठतंय."

दुपारी भावाने मला म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेलं. त्याला सगळे खडूस म्हणायचे. त्याने तासभर इंजिन निवू दिलं, मगच रेडिएटरचं झाकण उघडलं, गळती शोधायला पंपाने आत हवा भरली आणि दाब उतरतो का ते बघत राहिला.

"पाणी कमी होतंय. बाहेर गळत नाही, म्हणजे आत जातंय."

"पण झालंय काय?"

"अजून माहीत नाही. उघडावं लागेल. गुरुवारपर्यंत ठेवा."

"तीस वर्षं गाड्या उघडताय आणि माहीत नाही?"

"उघडल्याशिवाय सांगितलं तर ती थाप होईल. बुधवारी ताईंना दुसऱ्या कुणाच्या गाडीतून न्या."

दुसऱ्या कुणाच्या म्हणजे शेजाऱ्याच्या. गाडी लावण्याच्या जागेवरून भावाचं त्याच्याशी वाजलं होतं. भावाने दार आपटलं. "माहीत नाही म्हणे! असल्याच्या हातात गाडी द्यायची?"

दुसरा मेकॅनिक हसरा होता. बॉनेट उघडायच्या आधीच त्याला सगळं कळलं. "दादा, इंजिन ठणठणीत आहे. तुमचा काटा घाबरट आहे. करू का त्याला गप्प?"

"करा."

त्याने इंजिनाकडून येणारी माझी तार कापली आणि तिला तांदळाएवढा एक रेझिस्टर जोडला. भाऊ वाकून बघत होता. मी मध्यापर्यंत चढलो आणि तिथेच खिळलो. आता इंजिन पेटलं काय नि गोठलं काय, मी हलणार नव्हतो.

"याला म्हणतात मेकॅनिक," भाऊ म्हणाला.

बुधवारी सकाळी ताई पुढे वाकल्या. सुजलेल्या पायांत चप्पल जात नव्हती, म्हणून अनवाणी होत्या.

"आत्ताच सुरू केलीस ना? मग काटा इतक्यात मधे कसा?"

"दुरुस्त झालाय."

"अरे, थंड इंजिनाला काटा खाली असतो."

"ताई, तू आता मागे बसतेस ना? मग मागचं बघ."

त्यांनी मान वळवली आणि खरंच मागच्या काचेतून बघत बसल्या.

चढावर गोडसर, जळका वास सुटला. ताई पुन्हा बोलल्या. "आजारी पडल्यापासून तुला सगळ्याचाच वास येतो," भाऊ म्हणाला. तरी त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मधोमध. माझ्याखाली लोखंड फुटायला आलं होतं आणि मी शहाण्यासारखा उभा होतो.

मग खाडकन आवाज झाला. इंजिन अडकलं. पुढून वाफ उसळली.

भावाने हसऱ्याला फोन लावला. त्याने तो कापला. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटकडे गेली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ताईंच्या छातीत श्वासाबरोबर पाणी वाजायला लागलं.

"त्याला लाव ना फोन."

"कुणाला?"

"माहीत आहे तुला. घराशेजारीच तर राहतो, दहा मिनिटांत येईल तो."

"मेलो तरी त्याच्यापुढे हात पसरणार नाही."

मेला तो नाही. दोन तासांनी एक ट्रक थांबला. ताई हॉस्पिटलच्या दारात, स्ट्रेचरवरच गेल्या. त्यांना घरी आणल्यावर पहिला खांदा द्यायला शेजारीच आला.

आता गाडी खडूसच्या आवारात, भिंतीला टेकवून ठेवली आहे. त्याने इंजिन उघडलं. पाणी इंजिनात शिरू न देणारी आतली गॅस्केट जळून गेली होती. रेझिस्टरही त्याने काढला. मी तळाला पडलोय, जिथे थंड काट्याने असायला हवं तिथे.

आवारात येणाऱ्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळतं. भाऊ अजून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "काटा मधेच होता हो, मी तरी काय करणार?" लोक मान हलवतात, त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. मला तोंड असतं तर मी भर बैठकीत ओरडलो असतो.

तुम्ही त्या घरी जाणार असाल तर एवढंच करा. माझ्याबद्दल काही विचारू नका. त्याला विचारा, त्या दोन तासांत शेजाऱ्याला फोन का नाही लावला.