एकसष्ट वेळा

नोलीन हॉस्किननं पत्राची घडी उलगडली, ते काउंटरवर ठेवून हाताच्या कडेनं दाबून सपाट केलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

“हे मला समजावून सांग.”

काउंटरपलीकडच्या मुलीनं पत्र स्वतःकडे फिरवून घेतलं. तिच्या छातीवर ‘टीगन’ अशी पट्टी होती, पण नोलीनला ती वाचायची गरज नव्हती. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या काडिना गावच्या शाळेचं कॅन्टीन ती बावीस वर्षं चालवत होती; आज तिथून ती तासभर आधीच निघाली होती. गावातल्या तिशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात तिनं कधी ना कधी मांस-बटाट्याची गरम पेस्टी ठेवली होती.

“मिसेस हॉस्किन, हा वर्षभराच्या शुल्कांचा गोषवारा आहे. यंदापासून सगळ्याच कार्डवाल्यांना पाठवतोय आम्ही.”

“ते वाचता येतं मला. रोख उचल शुल्क, साडेतीन डॉलर. एकसष्ट वेळा. अगं, हा माणूस क्रेडिट कार्डावर रोख पैसे काढतच नाही. पेट्रोल आणि औषधं, बस्स. म्हणजे एक तर ह्याचं कार्ड दुसरं कुणी वापरतंय, नाहीतर तुमचं मशीन बिघडलंय. दोन्हींतलं काय ते सांग.”

लायल बायकोच्या एक पाऊल मागे, हॅट हातात धरून उभा होता. सगळा भार त्यानं डाव्या पायावर टाकला होता. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालं होतं, तरी तो पाय अजून परक्याचा वाटे. समोरच्या भिंतीवर गृहकर्जाची जाहिरात होती. एक जोडपं रिकाम्या खोलीत उभं राहून हसत होतं. लायल ती जाहिरात पुन्हा पुन्हा वाचत होता.

पत्र सोमवारी आलं. एरवी पेटीतून टपाल तोच आणायचा. नेमका त्या दुपारी तो व्यायामाच्या बाईकडे गुडघा वाकवायला गेला होता. परतला तेव्हा नोलीन स्वयंपाकघरात चष्मा लावून बसली होती.

“राहू दे गं,” तो म्हणाला होता. “दोनशे डॉलरचं काय घेऊन बसलीस!”

“दोनशे डॉलरचं नाही. तुला लुबाडतायत आणि तू मुकाट सोसतोयस, त्याचं घेऊन बसलेय.”

हे तिचं नेहमीचंच होतं. वॉलरूच्या धान्यकोठारांवर तो एकतीस वर्षं होता. एकदा सुगीतल्या जादा तासांचे पैसे कंपनीनं गिळले, तेव्हा वही घेऊन साहेबासमोर जाऊन बसली ती हीच. टायरवाल्याशी, विमा कंपनीशी, डॉक्टरांच्या तारखा देणाऱ्या बाईशी, सगळ्यांशी त्याच्या वतीनं तीच भांडत आली होती. त्यालाही ते सोयीचं होतं. मंगळवारी तिनं कॅन्टीनमध्ये सगळ्यांना आपापली कार्डं तपासायला सांगितलं, आणि शेजारच्या डल्सीनं तर घाबरून स्वतःचं कार्ड बंदच करून टाकलं.

टीगननं कार्डाचा नंबर टाकला आणि पडद्यावर पाहत राहिली. तिचं बोट खाली खाली सरकत गेलं आणि मग थांबलं. तिनं पडदा किंचित आपल्याकडे वळवला आणि पहिल्यांदाच लायलकडे पाहिलं. दुसऱ्याच्या दोरीवरचे नको ते कपडे दिसावेत आणि आपणच ओशाळावं, तशी ती नजर होती. लगेच ती खाली गेली.

लायलला कळलं, की हिला कळलं.

क्रेडिट कार्डावर पैज लावायला तेव्हा बंदी आली नव्हती. फोनवरच्या पैजेच्या खात्यात पन्नास टाका, तीनशे टाका, क्षणात जमा व्हायचे. पण बँकेच्या लेखी ती खरेदी नव्हती. तुम्ही रोख पैसे उचलले असं ती धरायची. दर वेळी शुल्क लावायची आणि व्याजही त्याच दिवसापासून मोजायची. पहिल्यांदा ते साडेतीन डॉलर दिसले तेव्हा लायल इतका भडकला होता, की बँकेला फोन लावायला निघाला होता. पन्नास हरल्याचा तेवढा राग आला नव्हता.

सुरुवात शस्त्रक्रियेनंतर झाली. नोलीन सकाळी सातला जायची आणि तीनला यायची. कोठारांवरचे सोबती अजून कामावर होते. दुपारी घर इतकं शांत असायचं, की फ्रिज सुरू झाला तरी तो दचकायचा. कुत्र्यांची शर्यत तीस सेकंदांत संपते. ते तीस सेकंद गुडघा दुखत नसे. मग दहा मिनिटांनी दुसऱ्या कुठल्यातरी गावची शर्यत असायचीच.

“मिस्टर हॉस्किन,” टीगन म्हणाली, “कार्ड तुमच्या नावावर आहे. तपशील मला फक्त तुमच्याशीच बोलता येईल. हवं तर आतल्या खोलीत बसू या. दोघंच.”

“त्याला काय विचारतेस?” नोलीन मध्येच म्हणाली. “त्याच्या अंगावरचा सदरा काढून नेला तरी ‘हरकत नाही’ म्हणेल तो. जे काय आहे ते इथंच बोल.”

“तसं नाही करता येत मला.”

“का? लपवायचंय काय?”

 टीगन खालच्या आवाजात, शब्द निवडत बोलली.

“मी एक करू शकते. ही सगळी शुल्कं परत करते. एकसष्टच्या एकसष्ट. मॅनेजरना विचारावं लागेल, पण होईल. दोनशे साडेतेरा डॉलर. सद्भावना म्हणून.”

 लायलपुढे सुटकेचं दार उघडं होतं. आता फक्त नोलीननं ‘बरं’ म्हणायचं होतं. मग बाहेर पडायचं, कोपऱ्यावरच्या बेकरीत कॉफी घ्यायची, आणि संध्याकाळी ते फोनवरचं खातं काढून टाकायचं. ह्या वेळी खरंच काढून टाकायचं.

“सद्भावना?” नोलीन म्हणाली.

“हो. म्हणजे—”

“सद्भावना चर्चच्या पेटीत टाक. तुमची चूक असेल तर चूक म्हणा. कागदावर लिहून द्या. पैसे नाही दिलेत तरी चालेल.”

“मिसेस हॉस्किन, चूक असं मला लिहिता येणार नाही.”

“का नाही? म्हणजे नोंद काय राहणार? ह्यानंच पैसे काढले, आणि बँकेनं दया केली? माझ्या नवऱ्यानं जन्मात कुणाचा एक सेंट बुडवला नाही. त्याच्या नावावर असलं काही मी राहू देणार नाही.”

मागे रांगेत उभा असलेला एक शेतकरी आपल्या बुटांकडे पाहू लागला. नोलीनचा आवाज आता सगळ्या शाखेत ऐकू येत होता.

“तुला लाज कशी नाही वाटत गं? तुझ्या बापाचा ट्रक गव्हासकट चिखलात रुतला, तेव्हा ट्रॅक्टर घेऊन कोण गेलं होतं? विचार घरी जाऊन. आणि आज तू ह्याच काउंटरवर बसून ह्या माणसाला चोर ठरवतेस?”

टीगनचे कान लाल झाले होते. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून ती कीबोर्डकडे टक लावून बसली होती. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. पडदा नुसता वळवला असता तरी पुरे होतं. ती एवढंच म्हणाली,

“हो, मिसेस हॉस्किन. माहीत आहे मला.”

“नोल,” लायल म्हणाला.

“तू थांब.”

“नोल, बँकेचं बरोबर आहे.”

“काय बरोबर आहे?”

“मीच आहे तो.” हॅटची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. “एकसष्ट वेळा. मीच.”

नोलीन वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याचं बोलणं नीट ऐकू न आल्यासारखी ती पाहत होती.

“कशाला?”

“कुत्र्यांच्या शर्यती. फोनवर.”

 तिनं काउंटरवरचं पत्र उचललं, मूळच्याच घड्यांवर घडी घातली, पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, “चल.”

गाडी उन्हात तापली होती. गुडघ्यामुळे हल्ली गाडी तीच चालवायची. तिनं स्टिअरिंगवर हात ठेवले, चटका बसला तसे उचलले, मग पुन्हा ठेवले. किल्ली फिरवली नाही.

“किती?”

“शुल्क?”

“सगळं मिळून.”

“अकरा हजार चारशे.”

उद्या ऊन किती पडणार ते कुणी सांगावं, तशी तिनं मान हलवली. रस्त्यापलीकडे कुणीतरी दुकानाची काच पुसत होतं. ती तिकडे बघत राहिली.

“डल्सीला कार्ड बंद करायला लावलं मी,” ती म्हणाली. “नवीन यायला दहा दिवस लागणार. तीन दिवस बाई माझ्याकडून उसने घेऊन दूध आणतेय.”

लायलला हसू फुटणार होतं. ते वेळीच दाबलं गेलं, कारण ती हसत नव्हती.

“मी सांगणार होतो तुला.”

“कधी?”

खोटं सांगायला आता काही उरलंच नव्हतं.

“जिंकल्यावर,” तो म्हणाला.

नोलीननं डोळे मिटले आणि उघडले. मग पर्स उचलली, दार उघडलं आणि उतरली. किल्ली तशीच लोंबकळत राहिली. ती रस्ता ओलांडून पुन्हा बँकेत शिरली.

जोडखातं, त्याच्या मनात आलं. त्यात होते-नव्हते ते सगळे पैसे ती स्वतःच्या नावावर करून घेईल. घ्यायलाच हवेत. तिनं परत गाडीकडे यावंच असंही काही नव्हतं. तिची बहीण तीन गल्ल्या पलीकडे राहत होती. तो किल्लीकडे पाहत बसला. मग रस्त्यापलीकडच्या बँकेच्या काचेतून आत पाहिलं.

नोलीन रांगेत उभी होती. पुढे तो शेतकरी होता, त्याच्या पुढे एक लेकुरवाळी बाई. नोलीन सरळ काउंटरवर गेली असती तरी कुणी अडवलं नसतं, पण ती पर्स पोटाशी धरून आपली पाळी येईपर्यंत थांबली. मग तिनं काहीतरी म्हटलं. टीगन खुर्चीवरून उठली आणि काउंटरला वळसा घालून बाहेर आली. नोलीननं तिच्या दंडावर हात ठेवला. ठेवला तो काढलाच नाही. दोघी बराच वेळ तशाच बोलत होत्या. मध्येच टीगननं मनगटानं डोळा पुसला आणि ती हसली.

नोलीन परत येऊन बसली. दार जरा जोरात लागलं.

“माफी मागून आले,” ती म्हणाली. “पोरीवर उगाच तोंड टाकलं. तिला सगळं दिसत होतं. तरी ऐकून घेतलं तिनं. तुझ्यासाठी.”

“नोल, मी पण—”

“तुझं नंतर.”

तिनं पर्समधून पैसे भरायची एक कोरी पावती काढली. पाठीमागे गोल, शाळकरी अक्षरात एक पत्ता लिहिला होता.

“वाचनालयाच्या मागच्या इमारतीत एक बाई येतात. पोर्ट पिरीहून. हेच काम त्यांचं. बँकेशी बोलतात, हप्ते बांधून देतात. आणि ते दुसरंही बघतात म्हणे. तुझ्यासारखी माणसं.” पावती तिनं त्याच्या मांडीवर ठेवली. “फी घेत नाहीत.”

लायलनं अक्षर वाचलं. गुरुवार, दहा ते चार.

“आज गुरुवार,” तो म्हणाला.

“माहीत आहे मला.”

डॅशबोर्डवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. तिनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, एसीचा वारा आधी गरमच आला. लायलनं पावतीची घडी घालायला घेतली आणि घातली नाही.

“तू येशील आत?” त्यानं विचारलं.

नोलीन मान वळवून मागच्या काचेतून रस्ता बघत होती.

“येईन,” ती म्हणाली. “पण बोलायचं तू. मी नुसती बसेन.”

आणि तिनं गाडी मागे घेतली.