बंद खोल्यांतले नळ

उत्कर्षाचं वागणं विजयमालाबाईंना पहिल्या दिवसापासून खटकलं होतं. पोरगी नर्सिंग शिकून बारामतीच्या त्या दवाखान्यात नुकतीच लागलेली, बावीस-तेवीसची, चापून घातलेली वेणी, बोलणं मऊ. त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. तक्रार होती ती ही, की रोज सकाळी आठ वाजले की ही बया दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांत शिरायची, बेसिनचा नळ सोडायची, न्हाणीतला सोडायची, वरचा शॉवरही सोडायची, आणि तोंडाला मास्क लावून दाराबाहेर घड्याळ बघत उभी राहायची. पाच मिनिटं. एक खोली झाली की दुसरी. अशा सहा खोल्या. तिथं ना कुणी आंघोळ करतंय, ना कुणी हात धुतंय, आणि चांगलं पाणी खळखळत मोरीत चाललंय.

विजयमालाबाईंचं माहेर मोरगावकडचं. त्यांच्या लहानपणी तिकडं आंघोळ घमेल्यात उभं राहून करायची आणि पायाखालचं पाणी शेवग्याच्या आळ्यात ओतायचं, असा घराचा कायदा होता. लग्न होऊन निरवांगीला आल्या तर इथं दाराशी कालव्याचा फाटा आणि गळ्याएवढा ऊस. पण हाताची सवय काही सुटली नाही. नळ ठिबकत ठेवला म्हणून दोन्ही सुनांना त्यांनी पाव्हण्यांदेखत बोलून घेतलं होतं. चौथीनंतर शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, तरी त्यांचा शब्द घरात कुणी ओलांडत नसे, आणि ही गोष्ट त्या स्वतःच लोकांना सांगत.

दवाखान्यात त्या आल्या होत्या नवऱ्यासाठी. रामहरी आबा चौऱ्याहत्तरीचे, गोठ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन नीट झालं, पण अंगात साखर असल्यानं जखम सुकायला वेळ लागत होता. सबंध दिवस उशाशी बसून दुसरं करणार काय? विजयमालाबाईंचं लक्ष त्या पाण्याच्या आवाजाकडं जायचं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पोरीला गाठलं. ती म्हणाली, नळ बंद राहिला की पाइपात जंतू धरतात, म्हणून रोज पाणी काढून टाकायचं, तसा नियम आहे. विजयमालाबाईंनी विचारलं की बंद नळात जंतू शिरतील कुठून, भोक तरी दाखव. पोरीला ते दाखवता आलं नाही. मग बाई स्वतः उठल्या, सहाही खोल्यांत फिरल्या आणि एकेक नळ पिळून बंद करून आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती पुढं सोडत जायची, या मागून बंद करत जायच्या. येणारे-जाणारे हसायचे.

"आजी, नका ना असं करू," ती काकुळतीला आली. "मला वहीत लिहावं लागतंय, किती वेळ सोडलं ते."

"मग लिही की. पाच मिनिटं सोडलं म्हणून लिही. कोण मोजायला येतंय?"

त्या दिवसाचा रकाना पोरीनं कोराच ठेवला.

चार दिवसांनी राजवर्धन आबांना बघायला आला. हा विजयमालाबाईंच्या भावाचा मुलगा. लहानपणी निम्मा त्यांच्याच मांडीवर वाढलेला, आता दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या कमिटीत. आत्यानं त्याला खुर्चीवर बसायच्या आधी सगळं सांगितलं. उन्हाळ्याचे दिवस, दवाखान्यात टँकर यायला लागलेला. राजवर्धननं तिथंच सिस्टर लोकांना बोलावून सांगितलं की हा प्रकार आजपासून बंद. जंतुसंसर्गाचं काम बघणाऱ्या डॉक्टर वृषाली तेव्हा दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. त्या आल्यावर बघू, असं कुणीतरी चाचरत म्हणालं, त्यावर तो म्हणाला की पाणी वाचवायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. पुढं कमिटीच्या बैठकीत त्यानं सांगितलं म्हणे, आमच्या आत्याला जे दिसलं ते इंजिनिअरला दिसलं नाही. हे वाक्य विजयमालाबाईंनी निरवांगीत इतक्या घरी सांगितलं, की शेवटी सुनांना ते पाठ झालं.

आबा घरी आले. पण पाचएक आठवड्यांत टाक्याच्या जागी पू धरला आणि पुन्हा बारामती गाठावी लागली. या खेपेला डेंगीनं सगळे वॉर्ड भरलेले, म्हणून त्या सहा खोल्या उघडल्या होत्या. विजयमालाबाईंनी स्वतः कोपऱ्यातली निवडली, उजेडाची. न्हाणीतला नळ सोडला तर आधी हवा फुसफुसली, मग चहाच्या चोथ्यासारखं लालसर पाणी आलं. तेही त्यांनी जाऊ दिलं नाही. बादलीत धरलं, पायपुसणी धुवायला. वरचा शॉवर सोडला तर सोलरचं पाणी कोमटच होतं, बाहेर आभाळ भरून आलेलं. जखमेवर प्लास्टिक गुंडाळून त्यांनी आबांना स्टुलावर बसवलं आणि रोज चांगली आंघोळ घातली. आबा डोळे मिटून, तोंड वर करून बसायचे. महिनाभर नुसतं अंग पुसून घेतलेल्या माणसाला ते सुख मोठं होतं.

सहाव्या दिवशी आबांना थंडी वाजून ताप भरला. मग कोरडा खोकला. संध्याकाळी ते विजयमालाबाईंना म्हणाले, "बाई, तुमी कुणाकडच्या?" पन्नास वर्षांचा संसार, आणि हा प्रश्न. तासाभरात आबांना खाली आयसीयूत नेलं, नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही फुप्फुसं भरलीत, नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत.

समोरच्या खोलीत डाळजच्या भागुबाई होत्या, पित्ताच्या खड्याच्या ऑपरेशनला आलेल्या, हसतमुख बाई. विजयमालाबाईंनी त्यांना घरचं लोणचं दिलं होतं. त्यांनाही तसाच ताप आला. तिसऱ्या दिवशी दुपारी भागुबाई गेल्या. त्यांचा मुलगा जिन्यात बसून फोनवर कुणाला तरी एकच सांगत होता, की ती उद्या घरी यायची होती.

डॉक्टर वृषाली नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी सहाही खोल्यांना कुलपं घातली, नळांचं आणि शॉवरचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला पाठवलं, आजाऱ्यांच्या लघवीचीही तपासणी केली. सगळ्याचा निकाल आला त्या दिवशी त्यांनी विजयमालाबाईंना आपल्या खोलीत बोलावलं. राजवर्धन आधीच बसला होता. भिंतीशी उत्कर्षा उभी होती, डोळे सुजलेले.

डॉक्टरांनी नाव सांगितलं ते लांबलचक इंग्रजी होतं, बाईंच्या जिभेवर बसलं नाही. बाकीचं मात्र समजलं. हे जंतू बाहेरून यावे लागत नाहीत, पाइपाला आतून जो बुळबुळीत थर धरतो त्यात ते आधीच थोडेफार असतात. पाणी वाहतं असलं आणि गरम चांगलं चटका देणारं असलं, तर त्यांना वाढता येत नाही. पाणी आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की लाखांनी होतात. "काकू, विरजण लावायला दूध जसं कोमट लागतं ना, तेवढं पाणी त्यांना मानवतं. पिऊन सहसा काही होत नाही. पण शॉवरचे बारीक तुषार श्वासातून आत गेले, की थेट फुप्फुसात."

विजयमालाबाईंना रोज पहाटे आपण काय करतो ते आठवलं. माठातलं आणि हंड्यातलं कालचं पाणी झाडाला ओतायचं, हंडा आतून चिंचेनं घासायचा, बोट फिरवून बुळबुळ गेली का बघायची, मग नवं भरायचं. शिळं पाणी त्यांनी आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं. सुनेनं एकदा न घासता हंडा भरला तर सगळा ओतायला लावला होता. आणि हा सहा खोल्यांचा हंडा पाच आठवडे शिळा ठेवून त्याखाली आपण आपल्या माणसाला बसवलं, तोंड वर करून.

डॉक्टर सांगत होत्या की योग्य औषध कालपासून सुरू झालंय, आबांचा ऑक्सिजन थोडा सुधारलाय, पण अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही. मग त्यांनी वही उघडली. एका तारखेपासून पुढचे सगळे रकाने कोरे होते.

राजवर्धननं घसा साफ केला. तो म्हणाला की कामचुकारपणा स्पष्ट दिसतोय, या मुलीनं पाणी सोडलंच नाही, तिच्याकडून तसं लिहून घ्यावं आणि तिला कमी करावं. बोलताना तो आत्याकडं बघत नव्हता. उत्कर्षा वर बघत नव्हती. तोंड उघडून दोन शब्द सांगितले असते तर ती सुटली असती, पण तिनं सांगितले नाहीत.

विजयमालाबाई उठल्या.

"लिहून माझ्याकडनं घ्या. नळ मी बंद केलं. ही सोडत हुती, मी मागनं पिळत हुते. आन् कायमचं बंद कराय लावलं ते बी मीच, ह्या राजवर्धनाला सांगून."

राजवर्धन म्हणाला, "आत्या, तू गप बस. तुला ह्यातलं काय कळत न्हाय."

"मला कळत न्हाय, हे तुला तवा कळलं न्हाय व्हय? तवा माझं नाव घेऊन मिरवलास."

डॉक्टरांनी कागद पुढं केला. बाईंनी सांगितलं, डॉक्टरांनी लिहिलं, खाली बाईंनी सही केली, एकेक अक्षर दाबून. राजवर्धन सहीला थांबलाच नाही, फोन कानाला लावून बाहेर गेला. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या की त्याचं नावही यात आलंय, बैठकीत त्याला उत्तर द्यावं लागेल.

बाई आयसीयूच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. काचेतून आबांची छाती खालीवर होताना दिसत होती. मागून उत्कर्षा आली. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. बाईंनी ती घेतली, पण उघडली नाही.

"तुझं चुकलंच, पोरी," त्या म्हणाल्या. "वहीत खोटं लिवलं न्हाईस, ते बरं केलंस. पर मी नळाला हात घातला तवा माझं मनगट धरून मला भाईर काढायला पायजे हुतंस. म्हातारी बोलंल म्हणून भ्यालीस. त्यात भागुबाई गेली. तिच्या लेकाला मी तोंड दावणार हाय, माझ्या वाट्याचं मी भोगीन. पर तुझ्या वाट्याचं बी सांगते. हितनं फुडं नळाला कुणी आडवं आलं, मग ती मी का असंना, तर तू ऐकायचं न्हाय."