पांढऱ्या रंगाखालची घरगाडी

मी एक जुनी घरगाडी आहे. मोटारीच्या मागे जोडून ओढायची, आत दोन माणसं निजतील एवढी. मला 'गोंडस' म्हणू नका, मित्रांनो. ज्यांनी ज्यांनी मला गोंडस म्हटलं, त्यांच्यातल्या एकानेही कधी माझ्या छतावर चढून पाहिलं नाही.

तळ्याकाठच्या मैदानात आजकाल माझ्यासारखींच्या शेजारी प्लास्टिकच्या अवाढव्य गाड्या उभ्या राहतात. त्यांच्यात टीव्ही असतो, विजेची खोटी शेकोटी असते, आणि थोड्याच वर्षांत त्या उसवतात. त्यांच्याविषयी मी याहून जास्त बोलणार नाही.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. लाकडाच्या फासळ्या, आतून मधाच्या रंगाचे बर्च लाकडाचे तक्ते, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. मिनेसोटातल्या वेंडेल आणि आर्डिस लुंडग्रेन या नव्या जोडप्याने मला विकत घेतलं. दर वसंतात बर्फ वितळला की वेंडेल माझ्या पत्र्याच्या सांध्यांवरच्या पट्ट्या उतरवायचा, सांध्यांतली वाळलेली लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, खरवडायचा आणि ताजी भरायचा. काम कंटाळवाणं होतं. त्याचे फोटो कुणी काढत नसे. पत्र्याची खालची कड मात्र तो कधीच बुजवत नसे.

"पाणी कुठून तरी शिरणारच," तो सांगायचा. "त्याला बाहेर जायला वाट ठेवावी."

"तुझ्या भावासारखं नको व्हायला," आर्डिस म्हणायची. "आला की हलतच नाही."

वेंडेल गेला. आर्डिसचे गुडघे दुखू लागले, म्हणून तिने मला आपल्या भाच्याला, ट्रॉयला दिलं. ट्रॉयची बायको शॉना कॅलिफोर्नियाची. दोघांनी माझा 'जीर्णोद्धार' करायचं ठरवलं. काय तो जीर्णोद्धार! मधाच्या रंगाच्या तक्त्यांवर त्यांनी पांढरा रंग फासला. खिडक्यांना झालरी लावल्या, दाराशी प्लास्टिकचे गुलाबी बगळे रोवले. जुनी लांबी न काढता ट्रॉयने तिच्यावरच सिलिकॉन चोपडलं, लहान मूल पावावर लोणी थापतं तसं. शिवाय खालची कडही ठासून बंद केली आणि हात झटकत म्हणाला, "आता थेंब आत जायचा नाही!"

जो आत जाईल तो बाहेर कसा येईल, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

आर्डिस पाहायला आली. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली. ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "वेगळंच आहे हं."

मिनेसोटात वाढलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटला असता. आमच्याकडे कुणाचं जेवण घशाखाली उतरत नसलं की 'वेगळंच आहे' म्हणतात. याहून कडक शब्द आम्ही चारचौघांत वापरत नाही. शॉनाने मात्र तिला मिठी मारली. "आत्या, तुम्हाला आवडलं! मला भीतीच वाटत होती."

ट्रॉय बुटांकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत माझ्या भिंतींत साचलेलं पाणी गोठलं, वितळलं, पुन्हा गोठलं. माझ्या फासळ्या आतून मऊ पडत गेल्या. बाहेरून मी पांढरीशुभ्र, हसरी.

मग जुन्या घरगाड्यांचा मेळावा आला. शनिवारी दुपारी सगळ्यांनी दारं उघडी ठेवायची, परक्यांनी आत डोकवायचं, अशी तिथली रीत. माणसं माझ्यात शिरत होती, 'वेगळंच आहे' म्हणत होती, आणि शॉना फुलत होती. आर्डिस बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचा ओव्हनमध्ये भाजलेला पंगतीचा पदार्थ, वाढत बसली होती. तेवढ्यात शॉनाने सर्वांना आनंदाची बातमी दिली. सोमवारी माझी एक आख्खी भिंत कापून तिथे मोठी खिडकी बसवायची आणि माझ्यातून कॉफी विकायची.

त्या भिंतीवरच माझं छत कसंबसं तोललेलं होतं. करवत लागली असती, तर मी जागच्या जागी बसले असते. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

आर्डिसने वाढायचा डाव खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली. "वाईट झालंय हे. फार वाईट. पहिल्या दिवसापासून."



"ट्रॉय, चाकू घे. खालचं सिलिकॉन काप."

"आत्या, इथे? सगळ्यांसमोर?"

"मग काय चर्चमध्ये?"

ट्रॉयने कापलं. काळं, कुजकं पाणी भळाभळा गवतावर आलं. मागोमाग माझ्या एका फासळीचा भुगा.

शॉनाचे डोळे भरले. "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," आर्डिस पुटपुटली.

"कधी? तुम्ही तर कौतुक केलंत!"

शॉनाचं बरोबर होतं, आणि खरं झाकणारी आमची ती गोड सभ्यता मला सिलिकॉनहून किळसवाणी वाटली.

आज मी ट्रॉयच्या शेडमध्ये उघडी पडले आहे. पत्रा भिंतीला टेकवलेला, निम्म्या फासळ्या नव्या. मी पुन्हा रस्त्यावर जाईन का, ते छताचं लाकूड तपासल्यावर कळेल. कॉफीचं नाव आता कुणी काढत नाही.

शॉना तक्त्यावरचा रंग खरवडते. काल तिने विचारलं, "आत्या, कसं दिसतंय?"

"कोपऱ्यात रंग राहिलाय. आणि खरवडणी चुकीच्या बाजूने ओढतेस, लाकूड सोलतेय."

"बरं," शॉना म्हणाली आणि खरवडणी फिरवून धरली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना नटवू नका. त्यांच्या आत बघा. आणि कुणी चुकत असेल तर त्याला तोंडावर सांगा. तुमच्या सभ्यतेपायी कुजायला आमच्याकडे आता फारसं लाकूड उरलेलं नाही.