वांग्याचं पाप

हसनाबादच्या बाजारतळावर त्या दिवशी सारी पुरुषमंडळी अंगातले सदरे काढून, दोन्ही हात वर करून उन्हात उभी होती. नवख्या माणसाला वाटलं असतं, गावावर पोलिसांची धाड पडली. तसलं काही नव्हतं. गाव आपल्या काखा वाळवीत होतं.

लिंबाखाली मांडव, मांडवात गादी आणि गादीवर गंधहरण महाराज. महाराज हिमालयातून आले असं त्यांचे चेले सांगत. महाराजांनी पायात मात्र जालन्याच्या बाजारात मिळतात तसल्या रबरी चपला घातल्या होत्या, पण चपलांकडे बघतो कोण? ही नव्वद सालानंतरची गोष्ट. घरोघर टीव्ही आले होते, टीव्हीवर काखेत फुसफुस मारणारी गोरीगोमटी माणसं दिसत होती आणि आपल्या अंगाला वास येतो हा शोध गावाला नुकताच लागला होता. महाराज अगदी मोक्यावर आले.

रांगेत पुढंच रामकिसन होता. हसनाबाद-भोकरदन जीप चालवणारा. त्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला तिघं आणि उजव्या अंगाला दाराशी आणखी एक जण कोंबलेला असायचा, त्यामुळं रामकिसनच्या काखा ही खाजगी गोष्ट राहिलीच नव्हती. त्यानं गिअर टाकायला हात हलवला की आख्खी पुढची सीट तोंड फिरवायची. लोकांचं एक वेळ सोडा. पण त्याची बायको कौसल्या जाफराबादला माहेरी निघून गेल्ती आणि तिनं भावाच्या हाती, बद्रीनाथच्या हाती, निरोप धाडला होता: वास जाऊ द्या, मंग न्यायला या, तवर मी काही येत न्हाई. गाव खो खो हसलं. रामकिसनला मात्र घास गिळवत नव्हता. त्याचा बायकोवर फार जीव होता, आणि ती अशा कारणानं रुसावी याची त्याला भारी लाज वाटत होती.

त्यानं भोकरदनहून फवाऱ्याची बाटली आणून मारून पाहिली होती. त्यावर एक प्रवासी म्हणाला, "रामकिसन, आता मोगऱ्याच्या मांडवात बोकड बांधल्यासारखं वाटून राह्यलं बघ." ती बाटली त्यानं त्याच दिवशी पुतण्याला देऊन टाकली.

आता महाराजांचा चमत्कार ऐका. समोर आलेल्या भक्ताच्या काखेत महाराज पांढरंशुभ्र ओलं भस्म चोळत. वरून पिवळाधमक रुमाल ठेवून म्हणत, "हात दाब." भक्त हात दाबी. महाराज डोळे मिटून पुटपुटत, मग रुमाल ओढून काढत, आणि रुमाल लाल! रक्तासारखा लाल.

"देख बच्चा, ये पसीना नहीं. पिछले जनम का पाप है, पाप!"

मग महाराज त्या लाल डागावर लिंबू पिळत, की तो पुन्हा पिवळा. पापाला क्षमा झाली. माणसं जमिनीवर डोकं टेकवत आणि उठताना पैसे मोजून भस्माची डबी घेऊन जात.

रामकिसनचा रुमाल तर इतका लाल निघाला की मागची माणसं दोन पावलं सरकली. पाप उडून अंगावर यायला नको.

"महाराज," रामकिसन चाचरत म्हणाला, "यात असतंय काय काय?"

महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आईच्या हातचं कालवण खाताना विचारतोस का, काय घातलं म्हणून? सगळं नैसर्गिक आहे, बेटा. कंपनीच्या बाटलीत केमिकल असतंय. हे तर धरतीमातेच्या पोटातून येतंय."

लोकांनी माना डोलावल्या. बराबर बोलले महाराज. खरं तर आईच्या कालवणात मीठ जास्त झालं की सगळेच विचारतात, पण ते त्या घडीला कुणाला आठवलं नाही.

रामकिसननं सकाळ-दुपार-संध्याकाळ भस्म थापायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चुणचुणलं. मग आग होऊ लागली. मग कातडं सोलवटलं. त्याला हात खाली घेता येईना. दोन्ही कोपरं पंखासारखी पसरून तो जीप चालवू लागला आणि उजवीकडचा प्रवासी एका वळणावर दारातून खालीच गेला. बिचारा कापसाच्या ढिगावर पडला म्हणून निभावलं. रामकिसन महाराजांकडं धावला, तर महाराज खूश.

"जळून राह्यलं ना? पाप जळतंय! आणखी लाव."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये कांताबाई बसल्या. कांताबाई भोकरदनहून येऊन गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत. रोज त्या नाकाला पदर लावून बसत, पण त्या दिवशी त्यांचं लक्ष रामकिसनच्या कोपरांकडं गेलं.

"रामकिसनभाऊ, हे काय करून राह्यलात?"

"पाप जाळून राह्यलो, बाई."

"डबी बघू बरं."

त्यांनी बोट ओलं करून चिमूटभर भस्म चोळलं, वास घेतला, पुन्हा चोळलं. अत्तराच्या घमघमाटाखाली दुसराच एक वास होता, पानाच्या ठेल्यावर येतो तसला. त्या गालात हसल्या. फक्त म्हणाल्या, "काखा साध्या पाण्यानं भरपूर धुवा, दवाखान्यात दाखवा आणि बाजाराच्या दिवशी मांडवात या."

"पण बाई, कौसल्या…"

"तिलाही बोलावू. निरोप मी धाडते."

बाजाराच्या दिवशी कांताबाई मांडवात शिरल्या, आणि त्यांच्या मागं बाजाराला आलेल्या साऱ्या बाया. तोवर उघड्या पुरुषांच्या रांगेकडं एकही बाई फिरकली नव्हती. शोभलं असतं का ते? चेले अडवायला धावले, तर द्वारकाबाई नावाची म्हातारी त्यांना म्हणाली, "सरक रे. तुझ्याएवढे नातू हायेत मला." ते सरकले.

कांताबाईंनी पिशवीतून एक जांभळं, टपोरं वांगं काढलं.

"महाराज, याला जरा भस्म लावा."

"ये क्या मजाक है?"

"मजाक न्हाई. वांग्याला वास येतोय म्हणतात."

लोक हसले. हसणाऱ्या लोकांसमोर नाही म्हणणं महाराजांना जड गेलं, आणि तेवढ्यात कांताबाईंनी स्वतःच भस्म फासून वर पिवळा रुमाल दाबला. रुमाल काढला. लालभडक.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"वांग्यानं काय पाप केलंय?" कांताबाईंनी विचारलं.

महाराज मोठे हुशार. "पिछले जनम में ये भी मनुष्य था!"

आणि खरं सांगायचं तर निम्म्या मांडवाला ते पटलं. कचरू नावाचा एक गडी तर हळहळून म्हणाला, "कोण असंल बाबा बिचारा." आपली माणसं एवढी दयाळू आहेत की वांग्याचंही वाईट वाटून घेतात.

कांताबाई पुरुषांशी बोलायच्या सोडून बायांकडं वळल्या. "बायांनो, लग्नात हळद लागली की नवरदेवाचे कपडे धुतं कोण?"

"आम्हीच. दुसरं कोण धुणार?"

"सोडा लावल्यावर हळदीचा डाग कसा होतो?"

पहिल्यांदा कौसल्याच बोलली. ती सकाळच्याच गाडीनं आल्ती आणि मागं उभी राहून नवऱ्याची पसरलेली कोपरं बघून तिचे डोळे भरले होते. "लाल होतोय की. कुंकवासारखा. आमच्या लग्नातलं ह्यांचं धोतर धुताना सगळं पाणी लाल झाल्तं."

"अगं बाई," द्वारकाबाईनं कपाळाला हात लावला, "ही तर हळद आन् चुना! आमच्या आईच्या टायमाला कुंकूसुद्धा असंच बनवायचे."

"बराबर. रुमाल हळदीत बुडवून वाळवलेला. भस्म म्हणजे अत्तर घातलेला चुना. चुना लागला की हळद लाल, लिंबू पिळलं की परत पिवळी. पाप ना बिप."

बाया एकमेकींकडं बघून हसायला लागल्या आणि पुरुष जमिनीकडं बघायला लागले. हा चमत्कार दर लग्नसराईत त्यांच्याच न्हाणीत होत होता. पण आपलं धोतर आपण धुतलं असतं तर दिसला असता ना!

"महाराज, आता तुमच्या काखेत लावू या," कांताबाई म्हणाल्या.

महाराजांनी दोन्ही हात अंगाशी असे घट्ट आवळले की चार माणसांनाही ते सुटले नसते. लोकांना जे कळायचं ते तिथं कळलं. काही जणांनी बाह्या सरसावल्या, पण कांताबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. महाराजांना भोकरदनच्या पोलीस ठाण्यात न्यायचं ठरलं, जीपनं, ड्रायव्हरच्या डावीकडं, अगदी लगटून. रामकिसननं सारा रस्ता कोपरं वर ठेवली. ठाण्याच्या दारात पोचताच महाराजांनीच हवालदारापुढं हात जोडले आणि म्हणाले, "जल्दी आत घ्या, साहेब."

संध्याकाळी रामकिसननं कांताबाईंना विचारलं, "मंग बाई, लावू तरी काय?"

"आधी कातडं भरू द्या. रोज आंघोळ, काखा कोरड्या, आत सुती बनियन. मंग लावायचंच असलं तर आत काय आहे ते वाचा, बाटली असो की डबी. उगाच भारी वासाचं घेऊ नका. आधी हातावर थोडं लावून बघा. कातडं सोललेलं असलं तर कायबी लावू नका आणि आग झाली की लगेच धुवून टाका. तुमचा हा टेरिकॉटचा शर्ट कधी धुतला होता?"

रामकिसननं कौसल्याकडं पाहिलं. ती गेल्यापासून शर्टाला पाणी लागलं नव्हतं. वास येतो म्हणून ती गेली आणि ती गेली म्हणून वास वाढला.

"माझ्याकडं काय बघता?" कौसल्या म्हणाली. "हात तर हायेत ना तुम्हाला."

त्यानं शर्ट काढला आणि हापशावर जाऊन स्वतः धुवायला बसला. पाणी इतकं काळं निघालं की तो बघतच राहिला.

तर मंडळी, चुनाही नैसर्गिक आहे आणि विषारी धोतराही. नैसर्गिक म्हटलं म्हणून अंगाला फासू नका, आणि चकचकीत बाटली दिसली म्हणूनही भुलू नका. आत काय आहे ते विचारा. दुकानदाराला विचारा, डॉक्टरला विचारा, महाराजालाही विचारा. ज्याला तुमच्या प्रश्नाचा राग येतो, त्याचं काही अंगाला लावू नका.