सापगावच्या मुहूर्ताला निघालेली लाल गाडी

मित्रांनो, मला खुशाल जुनी म्हणा, पण आधी माझी चाल तरी बघा! मी एक छोटी, लाल मोटार आहे. अंगाने लहान असले तरी माझ्या इंजिनाला टर्बो आहे. टर्बो म्हणजे जास्तीची हवा कोंबून इंजिनाला जोर देणारा पंखा. त्यामुळे पाय ठेवला रे ठेवला की मी सुसाट सुटते.

माझी पहिली दहा वर्षं ठाण्यात गेली. तिथल्या हौशी मालकाने मला मनसोक्त पळवलं, तेल बदलायला मात्र विसरला. क्लच झिजला, चाकांचे रबरी बुश खडखडू लागले. मग त्याने मला विकलं आणि मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. वाईट वाटलं हो.

धसईच्या महिपतदादांनी मला घेतलं आणि माझे दिवस पालटले. भातशेती करणारी ही माणसं. दारात आल्या आल्या त्यांनी मला ओवाळलं. माझं पोट जमिनीला टेकायला आलेलं, म्हणून गतिरोधक दिसला की घरची सगळी मंडळी आपणहून खाली उतरत. मी अलगद पलीकडे जाई आणि ती हसत पुन्हा आत बसत. एवढे लाड माझे कोणी केले नव्हते.

त्यांची लेक अक्षदा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं काम शिकत होती. तिने माझे बुश बदलले, उंदरांनी कुरतडलेली वायर जोडली. महिपतदादा मात्र लोकांना सांगायचे, "पोरगी आपली उगाच खुडबूड करते."

मग त्यांच्या मुलाचं, शेखरचं लग्न ठरलं. नवरी सापगावची भाग्यश्री, मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा आणि नवरदेवाची गाडी मी! त्या सकाळी महिपतदादांनी प्रेमाच्या भरात घोळ घातला. ट्रॅक्टर धुतात तसं बॉनेट उघडून त्यांनी पंपाचा पाइप थेट माझ्या इंजिनावर धरला.

मुरबाड सोडलं आणि मी खोकू लागले. जंगलातल्या चढावर तर बंदच पडले. साडेअकरा वाजले होते. वऱ्हाडाची बस कधीच पुढे गेली होती.

"आबा, मुहूर्त जातोय," शेखर रडवेला होऊन म्हणाला.

अक्षदा करवली होती. हातातला कऱ्हा तिने नवरदेवाच्या मांडीवर ठेवला, पदर खोचला आणि बॉनेट उघडलं.

"आबा, तुमी इंजिन धुतलंत?"

"चकाचक केलं गो," ते हळूच म्हणाले.

ठिणगी देणाऱ्या चारही कॉइल तिने उपसून काढल्या. खालच्या भोकांत पाणी साचलं होतं. "कोरडं फडकं द्या," ती म्हणाली. फडकं कुठलं आलंय? गाडीत होती ती नवरीच्या मामाला द्यायची टॉवेल-टोपी.

"तो मामाचा मान हाये. त्याला हात नाय लावायचा," महिपतदादा म्हणाले.

"मान मागनं बघू, आबा. आधी नवरदेव पोचू दे."

महिपतदादांनी घड्याळाकडे बघितलं आणि स्वतःच टॉवेलची घडी मोडली. तिने टोकाला पीळ देऊन भोकांतलं पाणी टिपलं, कॉइल पुसून बसवल्या. किल्ली फिरली आणि मित्रांनो, मी अशी गुरगुरले की शेखर दचकलाच! चढ मी एका दमात काढला. गतिरोधकांवर मात्र नवरदेवसुद्धा कऱ्हा सांभाळत खाली उतरला. बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही मांडवापाशी पोचलो.

मला मांडवात कोण नेणार? मी चिंचेखाली उभी राहून लाउडस्पीकर ऐकत होते. अक्षता पडल्या, मानपान सुरू झाला, नवरीच्या मामांचं नाव पुकारलं गेलं. महिपतदादांनी काळा झालेला टॉवेल पुढे केला आणि आपली चूक माइकवरच सांगून टाकली. मांडव खो-खो हसला.

मग मामांचा आवाज आला. "टॉवेल मला चालंल. टोपी मात्र गाडी चालू केली त्या मेस्त्रीला घाला. कुठंय मेस्त्री?"

"मेस्त्री माझी लेक हाये," महिपतदादा म्हणाले. मी आनंदाने वेडी व्हायची तेवढी राहिले होते.

मित्रांनो, आम्हा गाड्यांवर भरपूर प्रेम करा, पण आमचं दुखणं ज्याला कळतं त्याचं ऐकतही जा, मग तो घरातला धाकटा का असेना. संध्याकाळी नवरा-नवरीला घेऊन मी धसईला परतले. मानाची टोपी घालून अक्षदा मला चालवत होती आणि शेजारी बसलेले महिपतदादा भेटेल त्याला काच खाली करून सांगत होते, "मेस्त्री हाये आमची."