नितेश कुठे आहे

माझा भाऊ नितेश गेला तेव्हा त्याचे चार शर्ट मालनताईंकडे इस्त्रीला होते. भांडुपच्या आमच्या इमारतीत जिन्याखाली त्यांचं इस्त्रीचं टेबल आहे. तेराव्यानंतर दोन दिवसांनी त्या शर्ट घेऊन वर आल्या. दार मीच उघडलं. "हे द्यायला आले," एवढंच म्हणाल्या आणि आईशेजारी जमिनीवर बसल्या. आईने शर्ट मांडीवर घेतले. ते अजून थोडे गरम होते. तासाभराने मालनताई उठून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या.

हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळे विचारत राहिले की सुलक्षणाकाकींना, म्हणजे माझ्या आईला, कुणी भुलवलं, काय देऊन भुलवलं. कुणी काही दिलं नव्हतं. मालनताई मूळच्या नगरकडच्या, आजोबांपासून ख्रिस्ती. एकदा आईनेच त्यांना विचारलं, "रविवारी तू कुठे जातेस गं?" मुलुंडला एका पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये त्यांची प्रार्थना असते. दिवाळी येईपर्यंत आईही दर रविवारी तिथे जायला लागली.

मी घाटकोपरच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. नितेश जुलैत साचलेल्या पाण्यातून चालत घरी आला होता आणि त्याच्या टाचेला जखम होती. ताप आला त्या दिवशी त्याने मलाच फोन केला. "पॅरासिटामॉल घे, दोन दिवस बघू," मी म्हणाले. पाचव्या दिवशी मीच त्याचं रक्त काढलं. लेप्टोस्पायरोसिस. आठव्या दिवशी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

आई पहिले कित्येक दिवस एकच प्रश्न विचारत असे: "आता तो कुठे असेल?" त्याला कुठल्या जिवाणूंनी नेलं, ते शरीरात कसे पसरतात, मूत्रपिंडाचं काय होतं, हे मला सांगता येत होतं. आईने मला ते विचारलंच नव्हतं. मुलुंडच्या हॉलमध्ये तिला उत्तर मिळालं. तो प्रभूजवळ आहे आणि तुझी त्याची भेट होणार आहे. ती पुन्हा जेवू लागली. रात्रीची झोपू लागली. एकदा भांडी लावताना ती गुणगुणत होती, ते मी ऐकलं.

मग तिने कुंकू लावणं सोडलं.

"अगे, मी जित्तो आसंय अजून," बाबा म्हणाले. "कपाळ कित्याक पुसलंस?"

आई शांतपणे म्हणाली, "तुमच्यासाठी मी रोज प्रार्थना करते."

"माझ्यासाठी नको करू. माझं कपाळ मला दिसतं आरशात. तुझ्या कपाळावरचं कुंकू दिसत नाही, त्याचं काय?"

बाबांचं नाव लवू. कारखान्यातून निवृत्त झालेला, आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस. त्या दिवशीही चढवला नाही. पण खरा प्रश्न भाद्रपद लागताच उभा राहिला. नितेशचं वर्ष झालं होतं आणि आता पितृपक्षात त्याचा म्हाळ घालायचा होता. आमच्याकडे म्हाळाला गेलेल्या माणसासाठी पूर्ण स्वयंपाक होतो: वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. त्यातलं पहिलं पान त्याच्या नावाने बाहेर ठेवतात. बाबांनी गावी अण्णाकाकांना फोन करून तिथी विचारून घेतली.

आई म्हणाली, "मी हे रांधणार नाही."

"गो, पोरगो म्हाळाक येतलो. पानात काय नसला तर खंय जातलो तो?"

"माझो पोरगो उपाशी नाय," आई म्हणाली. माहेरची बोली तिच्या तोंडी मी वर्षभरात ऐकली नव्हती.

बाबा उठून गॅलरीत गेले. त्यांच्या डोळ्यांपुढे नितेश दारात ताटकळत होता, उपाशी. आईच्या डोळ्यांपुढे तो भरल्या पोटी बसला होता. दोघांचं एकाच घरात कसं जमावं?

जिन्यात नितेशचा मित्र सौरभ भेटला. तो मंडळाचं काम बघतो. "रुचिराताई, फक्त हॉल कुठला ते सांग. पुढचं आम्ही बघतो."

"काय बघणार?"

"म्हणजे, समजावू ना त्यांना नीट."

"त्याची गरज नाही. आई माझं ऐकते," मी म्हणाले. सौरभची पद्धत मला नको होती. मला माझी पद्धत अधिक स्वच्छ वाटत होती.

आई वाचायची ते बायबल मी जेवणाच्या सुटीत वाचलं. तीन आठवडे लागले. मी टिपणं काढली. कुणाच्याही श्रद्धेची टिंगल करायची नाही, त्यांच्याच म्हणण्यावरून पुढे जायचं, असं ठरवलं होतं. शनिवारी दुपारी आई गवार मोडत बसली होती. मी समोर बसले आणि तिच्याबरोबर मोडू लागले.

"आई, विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतलेला तरतो, असं ते सांगतात. बरोबर?"

"हो."

"नितेशने घेतला होता?"

"त्याला कुणी सांगितलंच नव्हतं गं."

"म्हणजे नाही. विश्वास ठेवला होता?"

"तो गणपतीत किती नाचायचा, तुला माहीत आहे."

"मग त्यांच्या हिशेबाने तो कुठे आहे?"

आईचे हात थांबले. "प्रभू दयाळू आहे."

"हे तू म्हणतेस. ते काय म्हणतात? उद्या पास्टरना सरळ विचार. घुमवून नाही, सरळ. माझा मुलगा विश्वास न ठेवता गेला, तो तुमच्या प्रभूजवळ आहे का?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. लहानपणी मी गणित सोडवून दाखवायचे तेव्हा ती अशीच पाहायची. समजायचं नाही, पण मुलीचं चुकणार नाही एवढा भरवसा असायचा.

रविवारी ती अकरालाच परत आली. एरवी एक वाजायचा. चप्पल काढून ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि पाणी प्यायली.

"विचारलंस?"

"हं."

"काय म्हणाले?"

"पास्टर चंद्रप्रकाश भला माणूस आहे. हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, ताई, ते देवालाच ठाऊक, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही." तिने पेला उपडा ठेवला. "तुझंच बरोबर निघालं."

मला त्या क्षणी बरं वाटलं. ते मी लपवणार नाही.

त्यानंतर ती मुलुंडला गेली नाही. सोमवारी तिने कुंकू लावलं. बाबांनी पाहिलं आणि बाजारातून तिच्यासाठी गजरा आणला. म्हाळाच्या दिवशी पहाटे उठून तिने सगळा स्वयंपाक केला. वडे एकसारखे फुगले होते. बाबांनी नितेशच्या नावाचं पान गच्चीत नेऊन ठेवलं. दहा मिनिटांत ते जवळजवळ धावतच खाली आले.

"शिवला गो! लगेच शिवला! वडो घेऊन गेलो!" साठी उलटलेला माणूस लहान मुलासारखा रडत होता.

आई कढई घासत होती. मान वर न करता माझ्यापुरतं म्हणाली, "कावळे रोजच येतात गच्चीवर."

तेव्हा मला कळलं की ती परत आलेली नाही. एका दारातून मी तिला बाहेर काढलं होतं आणि दुसऱ्या दारातून ती आत गेली नव्हती. ती देवापुढे दिवा लावायची, कारण बाबांना बरं वाटायचं. जेवण पुन्हा अर्ध्या पोळीवर आलं. गुणगुणणं बंद झालं. नितेश कुठे असेल, हे तिने मला एकदाही विचारलं नाही.

दसऱ्यानंतर मी जिन्याखाली गेले. मालनताई साडीला इस्त्री करत होत्या.

"तुम्ही आईकडे या ना," मी म्हणाले. "तिला पुन्हा समजवा."

त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "काय समजावू?"

"आधी जे समजावलं होतं तेच. तो तिकडे आहे म्हणून. मी मध्ये येणार नाही."

"मी कधी समजावलं होतं गं? ते त्यांनीच धरलं होतं. सुटलं तर मी कसं परत हातात देऊ?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तरी येते मी."

त्या आल्या. आईने चहा केला, बिस्किटं काढली, गुडघेदुखीची चौकशी केली. मालनताई म्हणाल्या, "वहिनी, माझ्या मनाला अजून वाटतं, तो तिथेच आहे."

"तुला वाटू दे गं," आई मायेने म्हणाली. "तुझं तुला राहू दे."

दाराशी मालनताईंनी तिचे दोन्ही हात धरले. आईने ते धरू दिले.

त्या गेल्यावर मी आईजवळ बसले. "आई, मी पुन्हा वाचलं ते. तसं अगदी नक्की काही नसतं. त्यांच्यातसुद्धा दोन मतं आहेत. तो असू शकतो."

"कुठे?"

मी बिस्किटांचा डबा बंद केला.

"त्या शनिवारी किती नीट बोललीस तू," आई म्हणाली. "एकापुढे एक, सगळं सुटसुटीत. मला सगळं कळलं. तसंच हेही सांग ना. मी ऐकते."

ती खरंच ऐकायला बसली. पदर सारखा करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणाले, "आई, समज..." आणि पुढचं वाक्य शोधू लागले. ते सापडलं नाही. तिने बराच वेळ वाट पाहिली.

"बरं, राहू दे," ती म्हणाली आणि कपबश्या उचलायला वाकली.