बाबांच्या पोटात नांदताना

मित्रांनो, मी एक जुनी किडनी आहे. माझा जन्म आईच्या शरीरातला. उजवीकडे माझी जुळी बहीण आणि डावीकडे मी. वर्षानुवर्षे मी रक्त गाळले, पण घरात कोणी माझे नावही घेतले नाही. मग बाबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आईने मला देऊन टाकले. तेव्हा मात्र घरभर माझेच कौतुक! मी बाबांच्या पोटात नांदायला आले.

पण सासर ते सासरच. बाबांच्या रक्तातल्या शिपाई पेशी मला परकी समजून अंगावर धावत. बाबांच्या रोजच्या गोळ्या त्यांना आवरून धरत, म्हणून माझा जीव वाचत होता.

बाबांची लेक प्रयोगशाळेत काम करते. या शिपायांना शांत ठेवील असा अर्क ती एका वेलीच्या मुळातून काढत होती. उंदरांवर तो लागू पडला, तेव्हा बाबांचा ऊर भरून आला. तिथेच घात झाला. तीच वेल लेकीने गच्चीतल्या कुंडीत लावली होती. बाबांनी गुपचूप मुळे खणली, ती उकळून प्यायला सुरुवात केली आणि गोळ्या बंद केल्या. लेकीच्या औषधाचा पहिला मान आपला, एवढेच त्यांच्या मनात होते.

शिपाई मोकाट सुटले. वर त्या काढ्यातले विषही मलाच गाळावे लागे. मी सुजले, फार घाबरले. पण ओरडणार कशी? बाबांना चपला घट्ट होऊ लागल्या. आईने त्यांचे पाय पाहिले मात्र, तशीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथे बाबांनी काढ्याचे कबूल केले.

"बाबा, त्या मुळात विषही असतं! ते काढून टाकलं की कणभर कामाचं उरतं. आणि तेही अजून कुठल्या माणसाला दिलेलं नाही!" लेक रडतच म्हणाली.

"तुझं औषध म्हणून घेतलं गं," बाबा पुटपुटले.

डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली. पलंगाला लावलेली लघवीची पिशवी कोरडीच होती. सगळ्यांचे डोळे तिच्यावर खिळले होते.

"ही गेली तर माझी दुसरी घ्या," आई डॉक्टरांना म्हणाली.

"आई, एकच उरलीय तुझ्याकडे!"

"मग काय झालं?"

ते ऐकून मी होते नव्हते ते बळ एकवटले. बऱ्याच वेळाने पिशवीत एक थेंब पडला, मग दुसरा.

आता मी थोडी अधू आहे, पण काम करते. लेकीचा अर्क तयार होईल तेव्हा होईल, मी वाट पाहीन. तोवर, मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी नांदत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू देऊ नका, कसला काढाही देऊ नका. मी गेले तर आई पुन्हा पुढे होईल. आणि तिच्यापाशी आता माझी बहीण एकटीच आहे.